कापडाखाली एकच डोकं

आमच्या वन्सं जुने फोटो नवे करतात. फाटलेले, डागाळलेले, कसर लागलेले, भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो लोक आमच्या स्टुडिओत घेऊन येतात, आणि वन्सं ते कॉम्प्युटरवर घेऊन असे सांधतात की ठिगळ कुठं आहे ते शोधून सापडू नये. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न करून या घरात आले तेव्हा आईनं बजावलं होतं, नणंद घरातच आहे, जपून राहा. मी कंबर कसूनच आले होते. पण भांडायला समोरच्या माणसानं तोंड तर उघडायला हवं! वन्सं दिवसाकाठी जेवढं बोलतात तेवढं मी एका गिऱ्हाइकाशी बोलते. मी पुढं काउंटरवर असते, पासपोर्टचे फोटो कापते, पाकिटं भरते. मागच्या खोलीत वन्सं. मधे एक पडदा. आमचे हे बाहेरचं काम बघतात आणि घरी असले की झोपा काढतात.

मागच्या खोलीची खिडकी कायम बंद असते. भिंती राखाडी, वन्संचा अप्रन राखाडी, कारण रंगीत कपड्याची झाक स्क्रीनवर पडते आणि फोटोतल्या माणसाचे गाल उगाचच गुलाबी दिसायला लागतात. स्क्रीनभोवती काळ्या पुठ्ठ्याची पेटी आहे आणि पेटीच्या तोंडावर काळं कापड सोडलेलं आहे. त्या कापडात डोकं घालून वन्सं काम करतात. मागून बघावं तर डोकं नसलेली बाई माऊस हलवतेय असं वाटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळले होते.

ते कापड मामंजींचं. सासरे त्यांच्या काळात तिपाईवरच्या लाकडी कॅमेऱ्यानं फोटो काढायचे, आणि त्यांचा एक नियम होता: कापडाखाली एकच डोकं. दुसरं शिरलं की फटीतून उजेड घुसतो आणि समोरचं चित्र विटतं. कॅमेरा मोडीत गेला, मामंजी गेले, नियम तेवढा मागं राहिला. कॉम्प्युटरचं उजेडानं काही बिघडत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण जित्याची खोड! वन्संनी कधी कुणाला त्या कापडाखाली घेतलं नाही आणि आम्हीही कधी डोकावलो नाही. ‘दाखवायचं ते छापून’, एवढंच त्या म्हणायच्या. हा नियम ध्यानात ठेवा. सगळा घोळ त्यानंच केला.

त्या वर्षी वन्संचा जुना स्क्रीन बंद पडला. यांनी झोपेतून उठून एक नवा, मोठा स्क्रीन आणला. दुकानदार म्हणाला होता, यात चित्रं जिवंत दिसतात. झाली चांगली जिवंत! सुरुवातीला वन्संही खूश होत्या. मग हळूहळू त्यांना काहीतरी दिसायला लागलं, किंवा खरं म्हणजे दिसेनासं व्हायला लागलं. मला ते बऱ्याच उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखं तुम्हाला चाचपडायला नको.

व्हायचं असं. अख्खा फोटो समोर असला की सगळं लख्ख. पण एखाद्या सावलीतल्या माणसापाशी जावं, त्याचा चेहरा मोठा करावा, की दोन श्वासांत तो चेहरा अंधारात बुडायचा. एकदम नाही. संध्याकाळी खोलीत बसल्या बसल्या अंधार होतो आणि आपल्याला कळतही नाही, तसा. मागं यावं, की पुन्हा उजेड. जवळ जावं, की पुन्हा अंधार.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मेला स्क्रीन खराब आहे. पण वन्संनी मामंजींना आंधळं होताना पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांच्या आतला पडदा झिजत गेला होता. कडेकडेचं सगळं दिसायचं, भिंतीवरची पाल दिसायची, पण समोर बसलेल्या लेकीचं तोंड दिसायचं नाही. ‘जिथं बघायला जावं तिथंच अंधारतं गं,’ असं ते म्हणायचे. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि वन्सं आता मामंजींच्या तेव्हाच्या वयाला आल्या होत्या.

म्हणून त्या गप्प बसल्या. एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याला आम्ही ‘रीस्टार्ट’ म्हणतो, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचं पहिलं औषध तेच असतं. माणूस कामाला चोख. त्यानं आधी ती पेटी आणि कापड उचलून बाजूला ठेवलं, रीस्टार्ट केलं, वीज वाचवायला स्क्रीन आपोआप मंद होतो ती सोय कॉम्प्युटरमधून बंद केली, उजेडाची पट्टी पूर्ण वर सरकवली, वायर काढून पुन्हा घट्ट लावली. मग कोरं पांढरं पान उघडून बराच वेळ बघत बसला. पान पांढरंशुभ्र.

“ताई, मशीन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “तुम्ही डोळे तपासून घ्या एकदा.”

तो सहज बोलला. मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं आणि पुन्हा कात्री चालवायला लागले. वन्संनी त्याला चहा दिला, पेटी जागेवर ठेवली, कापड सोडलं. त्यांच्या लेखी निकाल लागला होता.

त्यानंतर त्यांचं वागणं बदललं. त्या प्रत्येक फोटोच्या बारीक बारीक पट्ट्या छापायला लागल्या. पट्टी छापायची, पुढं येऊन काउंटरशेजारच्या खिडकीत धरायची, कडेनं, मान वाकडी करून बघायची, परत आत. कचऱ्याची टोपली पट्ट्यांनी भरून वाहायला लागली. मी कटकट केली. “वन्सं, एका फोटोला एवढे कागद? आपल्याकडे काय झाडं लावलीत का कागदाची?” त्या नुसत्या ‘हं’ म्हणाल्या. माझं तोंड सुटलं की त्या असंच ‘हं’ म्हणतात.

याच सुमारास तो पोस्टमन आला. निवृत्त झालेला, उंच, पाठीतून वाकलेला, एका खांद्याला जन्मभराच्या पिशवीचा उतार. त्यानं पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे बांधून एक फोटो आणला होता. एका धुलाईखान्यातल्या कामगारांचा. दारासमोर तीन ओळींत माणसं उभी, सगळ्यांचे चेहरे ताठ, कुणी मेल्यासारखे गंभीर. मागच्या ओळीत, दाराच्या पत्र्याखाली, गडद सावलीत एक बाई. म्हणजे बाई असावी. एक काळा ठिपका आणि त्याखाली पांढरा अप्रन.

“ही माझी आई,” तो म्हणाला. “मी रांगत होतो तेव्हा गेली. दुसरा फोटो नाही. मी तिचा चेहरा पाहिलेला नाही.”

मी काउंटरवर बसून बरीच माणसं पाहिली आहेत, पण म्हातारा माणूस ‘आई’ म्हणाला की माझी कात्री थांबतेच. मी म्हटलं, “आजोबा, आमच्या वन्सं करतील की बरोबर.” वन्सं पडद्याआडून बाहेर आल्या. फोटो हातात घेऊन खिडकीशी गेल्या आणि खूप वेळ तशाच उभ्या राहिल्या.

“मी चेहरा घडवत नाही,” त्या त्याला म्हणाल्या. “मी धूळ पुसते. खाली माणूस असेल तर दिसेल. नसेल तर तसं सांगेन.”

“चालेल,” तो म्हणाला.

वन्संनी मनाशी ठरवलं होतं की हे शेवटचं काम. हेही मला नंतर कळलं. पट्ट्या छापून बाकीचे फोटो निभावले होते, पण इथं पट्टीचा उपयोग नव्हता. इथं बघावंच लागणार होतं. आणि त्या बाईच्या जवळ जावं, की ती अंधारात जायची. सावली थोडी उजळावी, तर स्क्रीनवर काहीच फरक दिसू नये. आणखी उजळावी, आणि छापून बघावं, तर कागदावर पिठाच्या गोळ्यासारखा पांढरा डाग. पोस्टमन दर आठवड्याला यायचा, विचारायचा नाही, नुसता काउंटरला टेकून उभा राहायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलेला माणूस, त्याला वाट बघायची सवय होती. मला नव्हती.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी चहा टाकायला आतल्या घरात गेले आणि दारातच थबकले. वन्सं स्वयंपाकघरात होत्या, डोळे मिटून. त्यांनी हात न चाचपडता किटली उचलली, पाणी घेतलं, झाकण लावलं, वळल्या, स्टुलाला वळसा घातला, बरोबर तिसऱ्या खणातून साखर काढली. प्रत्येक खणाच्या मुठीला दोऱ्याच्या गाठी बांधलेल्या होत्या. एकीला एक, दुसरीला दोन. त्या गाठी मी किती दिवस बघत होते! मला वाटलं होतं, झुरळांवरचा काहीतरी उपाय असेल.

मी पाय न वाजवता मागं आले. काउंटरवर बसले. समोर पासपोर्टच्या फोटोंची चळत होती. सकाळी मी बाजारात गेले होते तेव्हा वन्संनी कापून ठेवलेली. का कोण जाणे, मी ती चळत हातात घेऊन ठोकली. सगळ्या कडा एका रेषेत. एकही फोटो केसभर इकडे-तिकडे नाही. आणि कापायच्या यंत्राशेजारी त्यांचा रुमाल पडला होता. घडी करून डोळ्यांवर बांधतात तसा, मागं गाठ मारलेला.

मी डोळे उघडे ठेवून कापते तरी माझे फोटो तिरके जातात. ही बाई आंधळी व्हायची तयारी करत होती. रडून नाही, कुणाला सांगून नाही, तर उद्या आपलं ओझं होऊ नये म्हणून एकेक काम हातांना शिकवून. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण माझा स्वभाव असा की कौतुक वाटलं तरी ते रागातूनच बाहेर पडतं. मी तरातरा मागच्या खोलीत गेले. वन्सं येऊन नुकत्याच कापडात शिरल्या होत्या.

“वन्सं, हे काय चाललंय?”

“काय?” कापडातून आवाज.

“गाठी! रुमाल! डोळे मिटून चहा! मी काय मेले होते का सांगायला?”

कापड हललं नाही. आतूनच त्या म्हणाल्या, “बाबांसारखं होतंय गं मला. जिथं बघायला जावं तिथंच अंधारतं. ही बाई तेवढी दिसू दे, मग सांगणार होते.”

“कुठं अंधारतं? दाखवा मला!”

“तुला कसं दाखवू? माझ्या डोळ्यांत आहे ते.”

हे बोलणं शहाण्या माणसाचं होतं. मी शहाणी नाही. मी कापड उचललं आणि डोकं आत घातलं.

“अगं, एकच डोकं…” त्या बोलायला लागल्या, पण मी घुसले ती घुसलेच. आत अंधार, अप्रनच्या साबणाचा वास, वन्संचा गाल माझ्या गालाला लागलेला. समोर धुलाईखान्याचा फोटो, लख्ख. त्यांनी सवयीनं ती मागच्या ओळीतली बाई मोठी केली. काळा चेहरा स्क्रीनभर पसरला. आणि दोन श्वासांत तो सगळाच विझत गेला.

“अय्या,” मी म्हटलं, “हा मंद का झाला?”

माझं मनगट वन्संनी धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

“काय म्हणालीस?”

“मंद झाला की स्क्रीन.”

“तुला दिसलं?”

“दिसलं म्हणजे? अंधार पडला ना आत. तुम्हाला नाही का…” आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे डोळे चांगले आहेत. माझ्या सासऱ्यांचा रोग मला कुठून असणार?

वन्संनी चित्र मागं नेलं. उजेड आला. पुढं आणलं. “आता?”

“आता गेला.”

मागं. “आता?”

“आला.”

त्या पुन:पुन्हा तेच करत राहिल्या, आणि मी आला-गेला, आला-गेला म्हणत राहिले. किती वेळ, कोण जाणे. दोघींच्या श्वासांनी काच धुरकटली होती. काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवली. वाजू दे म्हटलं.

रीस्टार्टला बोलावलं तेव्हा तो बिचारा तसाच आला, शर्टाची बटणं वर-खाली. मी त्याला आल्या आल्या फैलावर घेणार होते, पण वन्संनी डोळ्यांनी गप्प केलं. या खेपेला त्यांनी त्याला पांढरं पान उघडू दिलं नाही. ती काळी बाई दाखवली. तो बघत राहिला. “अरे,” म्हणाला. मग पूर्ण काळं चित्र लावलं, स्क्रीनचा दिवा मान टाकल्यासारखा खाली गेला. पांढरं लावलं, टवटवीत. “ताई, मी कॉम्प्युटरमधे शोधत होतो. हे कॉम्प्युटरमधे नाहीच!”

त्यानं स्क्रीनच्या खालच्या कडेला बोटानं चाचपलं. तिथं एक बारीकसं बटण होतं, पुठ्ठ्याच्या पेटीनं इतके दिवस झाकलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दाबल्यावर स्क्रीनची स्वतःची यादी उघडली, आणि त्यात ती सोय होती: चित्र गडद असेल तर आपला दिवा आपणच कमी करायचा, म्हणजे काळा रंग आणखी काळा दिसतो. सिनेमा बघणाऱ्यांना ते आवडतं म्हणे. हेच ते दुकानदाराचं ‘जिवंत’.

“बंद करू?” त्यानं विचारलं.

“मी करते,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी स्वतः बटण दाबलं.

मग त्या कापडात शिरल्या आणि कापडाची एक बाजू माझ्यासाठी धरून ठेवली. मी निमूट आत गेले. मी आणि निमूट! वन्संनी चेहरा मोठा केला. आम्ही दोघी श्वास धरून थांबलो. अंधार पडला नाही. वन्संनी सावली उजळायला सुरुवात केली, हळूहळू, केसानं केस. आधी कपाळाची कड आली. मग एक गाल. मग त्या काळ्या ठिपक्यातून, इतक्या वर्षांमागून, एक तरणी बाई आमच्याकडे बघायला लागली. मी देवळात कधी इतकी गप्प उभी राहिले नाही. वन्संनी तिच्यात काही घातलं नव्हतं, फक्त पुसत होत्या, आणि ती येत होती. डोळे आले. शेवटी तोंड आलं, आणि माझ्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं.

ती हसत होती. त्या सगळ्या ताठ, गंभीर माणसांच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशा जागी उभी राहून ती एकटी खुदकन हसत होती. एका कोपऱ्यानं, ओठ जरा वाकडा करून.

दुसऱ्या दिवशी मी वन्संना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, बॅटरी मारली, यंत्रातून पाहिलं आणि सांगितलं की पडदा उत्तम आहे, चष्मा तेवढा बदला. वन्सं ‘हं’ म्हणाल्या. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसल्या. एकेक, मोठ्यानं, चपलांच्या दुकानापासून कुलपांच्या दुकानापर्यंत. लोक बघायला लागले. मी त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकत होते आणि पदराला नाक पुसत होते.

पोस्टमन नेहमीच्या वारी आला आणि नेहमीसारखा काउंटरला टेकला. या वेळी वन्सं त्याच्या आधीच पुढं येऊन बसल्या होत्या. त्यांनी फोटो त्याच्यासमोर ठेवला. अख्खा गट, जसा होता तसाच, आणि शेजारी त्या एकटीचा चेहरा.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो हातात घेतला नाही. दोन्ही हात काउंटरवर टेकून वाकला.

“हसतेय,” तो म्हणाला.

“हो.”

“मला सगळे सांगायचे, ती फार दुःखी असायची. कधी हसायचीच नाही म्हणे.”

“सावलीत उभी होती ना,” वन्सं म्हणाल्या. “कुणाला दिसलं नसेल.”

मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला, ओठ जरासा वाकडा झाला. इतके दिवस तो येत होता, पण मी त्याला हसताना पाहिलंच नव्हतं. तेच हसू. मी फोटोकडे बघू की त्याच्याकडे, असं मला झालं.

तो गेला. फोटो पुठ्ठ्यात बांधून, छातीशी धरून, पिशवीच्या खांद्यावर नाही. वन्सं दारापर्यंत गेल्या, तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या, आणि नजर तिकडेच ठेवून मागं सरल्या त्या धाडकन माझ्या स्टुलावर आदळल्या. स्टूल पडलं, पासपोर्टची पाकिटं उडाली, वन्सं गुडघा धरून खाली बसल्या.

मला रडायचं होतं, पण हसू फुटलं. “वन्सं! महिनेच्या महिने डोळे मिटून घरभर फिरलात, कधी टाचणीला पाय लागला नाही. आणि आज डोळे उघडे ठेवून?”

“त्याच्याकडे बघत होते अगं,” वन्सं म्हणाल्या, आणि गुडघा चोळत चोळत माझ्याकडे बघत राहिल्या.